तीन धोट्यांचा काठ

धरमपेठ, नागपूर
२२ एप्रिल

प्रिय भावना,

पाकिटावरचं अक्षर ओळखशील आणि न उघडताच फडताळात टाकशील, हे मला माहीत आहे. टाक. पण दोन दिवसांनी तरी काढ. रागवायचा तुला पुरता हक्क आहे, पण आज मला गप्प बसवत नाही. ऑफिसातून आले ती चपला न काढताच लिहायला बसलेय. ओळी तिरक्या जातायत. नववीत तुझं नाव बोर्डावर पहिलं लागलं होतं तेव्हा मी अशीच वेड्यासारखी झाले होते. तुझ्या आधी मीच तुझ्या घरी पळाले होते सांगायला.

आज दुपारी सिव्हिल लाइन्सच्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तू साक्ष दिलीस. मी शेजारच्या खोलीत होते. मधलं लाकडी पार्टिशन वर छताला भिडत नाही, इकडचं खोकणंसुद्धा तिकडे ऐकू जातं. मी तिथं असायला नको होतं. खाली चहाला म्हणून निघाले, जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. हे मी कुणाला सांगणार नाही, तुलाच सांगतेय. आता तुझी साक्ष संपली, खाली तुझी सही झाली. आज मी काही बोलले तरी तुझ्या शब्दाला धक्का लागत नाही. म्हणून आता सगळं सांगते, पहिल्यापासून.

तू नेहमी विचारायचीस, तू सरकारी वकील तर कोर्टात ओरडताना टीव्हीवर काहून दिसत नाही? अगं, माझं काम ओरडायचं नाही. सरकारच्याच कामात कुणी खोटेपणा केला तर त्याची चौकशी होते. त्या चौकशीतला पुरावा कायद्यात टिकेल का, हे मी पाहते. दिवसभर कागद. गेल्या वर्षी पोळ्यानंतरची मारबत निघाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक फाइल आली. उमरेडला चाळीस बायकांना हातमाग शिकवला, असं एका संस्थेनं दाखवलं होतं. तीन धोट्यांचा करवती, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखा, काठ शिकवला आणि शेवटी प्रत्येकीनं परीक्षा म्हणून एकेक साडी विणली, असं लिहिलं होतं. आमच्याच एका अधिकाऱ्यानं ते केंद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचा अहवाल दिला होता. तक्रार आली होती की तिथं केंद्रच नव्हतं. पण गोदामात साड्या तर चाळीसच्या चाळीस होत्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी टाचलेली. सगळे म्हणाले, माल समोर आहे, तक्रार खोटी.

मी आपली यादीवर टिक करत होते. सतरा नंबरची साडी उचलली. चिठ्ठीवर नाव होतं, भावना निमजे, प्रशिक्षणार्थी, आणि खाली सही. मला आधी हसूच आलं. तुला विणायला शिकवलं! अकराव्या वर्षापासून मागावर बसलेल्या पोरीला! मग नकळत बोटं काठावर गेली. लाल काठ, पण त्यात कुंकवात पीठ मिसळावं तसा फिकेपणा. अंगातला पांढरा धागा सरळ काठातून आरपार गेला होता, यंत्रमागावर जातो तसा. भावना, तुमच्या घरच्या मागावर बाबारावकाकांनी हे शिकवताना माझ्या पाठीत धपाटा घातला होता. अंगाचा धोटा काठात शिरला की काठ मेला, असं ते म्हणायचे. अंगाच्या आडव्या धाग्याला एक धोटा, दोन्ही काठांना दोन. तू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचीस आणि मी तुझ्या डाव्या हाताला, काठाचा धोटा इकडून तिकडे द्यायला. शाळा सुटल्यावर रोज. माझा हात चुकला की तू म्हणायचीस, झोपून राहिली का वं मेघा? आणि आपण दोघी हसत सुटलो की काकांना पुन्हा तीन ओळी उसवायला लागायच्या.

गोदामातच मी तुला फोन लावला. आठवतंय ना? तू पहिल्याच घंटीला उचललास आणि म्हणालीस, काय वं, आज कशी काय आठवण आली? आणि मी फोन कापला. त्या एका क्षणात मला कळलं की मी काय करायला निघालेय. फाइलची वकील साक्षीदाराला स्वतः फोन करून विचारते, ही सही तुझी आहे का? पुढे तू कितीही खरं बोललीस तरी ते माझं बोलणं ठरलं असतं. तू तीनदा उलट फोन केलास. टेबलावर तो गुरगुरत फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते.

संध्याकाळी मी वरिष्ठांना लिहून दिलं की यादीतली सतरा नंबरची बाई माझी बालमैत्रीण आहे, ही फाइल माझ्याकडून काढून घ्यावी. साडीबद्दल मला जे वाटलं तेही लिहिलं आणि कुणा जाणत्या विणकराला दाखवा म्हटलं. वरिष्ठ म्हणजे आमचे केशवराव; ते चष्म्यावरून बघत म्हणाले, मॅडम, मैत्रीण म्हणजे काही नातेवाईक नाही, कोण विचारून राहिलंय? दहा वर्षांत अशी केस हाती आली नाही, अन् तुम्ही सोडता? मी म्हटलं, सर, समोरच्या बाजूचा एक जण नक्की विचारेल. फाइल आमच्यातल्याच दुसऱ्या वकिलाकडे, शरच्चंद्रकडे गेली. हुशार आहे, पण करवती काठ म्हणजे काय हे त्याला मी सांगायचं नव्हतं. तो कशानं अडलाय हे जेवताना दिसायचं आणि मी लोणच्याची फोड चघळत बसायची.

केसबद्दल तुझ्याशी बोलायचं नाही, एवढाच खरा नियम होता. पण मला स्वतःचा भरवसा नव्हता. तू समोर बसलीस आणि नुसतं काय चाललंय म्हणालीस तरी माझ्या तोंडून निघालं असतं. म्हणून भेटणंच बंद केलं. कळवताही येईना, कारण काय म्हणून कळवायचं? चौदा एप्रिलला तू दरवर्षी आमच्याकडे खीर खायला येतेस. यंदा तू आली नाहीस. कशाला येशील? आईनं तरी तुझी वाटी काढून ठेवली होती. फेब्रुवारीचं मी इथं लिहीत नाही. त्यावर पुढे येतेच.

आता आजचं! शरच्चंद्रनं तुझ्यासमोर साडी ठेवली आणि सही दाखवली. तू म्हणालीस, सही माही नाही, अन् साडी तर हातमागाचीच नाही. त्या अधिकाऱ्याची बाजू मांडायला मधुकरराव आले होते. निवृत्त आहेत, पण आवाज अजून साहेबाचा. ते म्हणाले, बाई, नऊ वर्षं झाली तुम्ही माग सोडून, आता शाळेत खिचडी शिजवता, तुम्हाला काय कळतं? मला वाटलं तू रडशील. तू म्हणालीस, साहेब, नऊ वर्षं सायकल नाही चालवली तं माणूस चाक ओळखत नाही का? तिकडे कुणीतरी फस्सकन हसलं. मी इकडे तोंडात पदर कोंबला.

मग तू जे विचारलंस ना, भावना! ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि मी तर कितीतरी वर्षं तिथं बसत होते. तू अहवालातलं वाक्य पुन्हा वाचायला लावलंस. चाळीस महिला चाळीस मागांवर तीन धोट्यांचे काम करताना मी प्रत्यक्ष पाहिल्या. आणि तू सरळ त्या अधिकाऱ्याला विचारलंस, मंग बाजूच्या चाळीसजणी कुठं होत्या? एकटीनं हा काठ आमच्याकडं कोणी विणत नाही साहेब, दुसरी लागतेच धोटा द्याले. तुम्ही डोळ्यानं पाहिलं म्हणता, तं ते दुसरं माणूस काहून नाही दिसलं तुमाले?   मी खुर्चीतून उठून उभीच राहिले होते.

मधुकरराव मात्र थांबले नाहीत. तुमच्या बाजूला कोण बसायचं, असं त्यांनी विचारलं, आणि तू माझं नाव घेतलंस. मग काय, त्यांचा आवाज चढला. म्हणजे ही फाइल उघडणाऱ्या वकीलबाई! त्यांनीच पढवून पाठवलं ना तुम्हाला? मी डोळे मिटून घेतले. आणि तू, आवाज न चढवता म्हणालीस, कायचं पढवते साहेब. आठ महिने झाले, माहा फोन नाही उचलत ते. माह्या पोरीच्या, खुशीच्या लग्नाले बी नाही आली. मोठी झाली, विसरली. पाहिजे तं माहा फोन पाहा.

मधुकररावांनी कागद आवरले. शरच्चंद्र बाहेर येऊन मला म्हणाला, मॅडम, त्या शेवटच्या वाक्यावर केस उभी राहिली. अहवाल बहुधा टिकणार नाही आता. बाकीच्या एकोणचाळीसजणींनाही बोलवताहेत, आणि तू बोललीस म्हणून त्यातल्या पाचजणींनी आजच होकार कळवला. सगळा मजला आनंदात होता. मलाही इतका आनंद झाला होता की जिन्यावरून नाचत उतरावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी मला कळत होतं की तो आनंद माझ्या न येण्यावर उभा आहे. लग्नाच्या दिवशी मी तू विणून दिलेली साडी नेसून घरातच बसले होते. बारा वाजता, इथूनच, खुशीवर अक्षता टाकल्या. लादीवर पडलेल्या त्या मीच गोळा केल्या.

तू गेटबाहेर पडलीस तेव्हा मी धावत खाली आले. तुझी बस सुटली होती. तेव्हापासून चार वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. मी विसरले नव्हते गं. तुझा शब्द तुझाच राहावा म्हणून बाजूची जागा सोडून उठले होते, आणि तुला ते सांगताही येत नव्हतं. रविवारी सकाळी पहिल्या बसनं उमरेडला येतेय, तीच साडी नेसून. खुशीलाही बोलावून ठेव. दारातच शिव्या घाल, शेजारणींना ऐकू जाऊ देत. फक्त आपल्या ओसरीवर तुझ्या डाव्या बाजूला थोडी जागा ठेव.

तुझीच, अजून धोटा हातात धरून बसलेली,
मेघा