लहान तोफेची वात

मी शेषराव वल्द उकंडराव देशमुख, वय वर्षे सदुसष्ट, राहणार मौजे धाड, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, असे लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे, नजर शाबूत आहे आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. गेली काही वर्षे मला कशाचेच फारसे काही वाटत नाही. ते वेड नव्हे, याची खात्री लिहून घेणारे नीळकंठ मास्तर यांनी चार प्रश्न विचारून करून घेतली आहे.

१. वडिलार्जित शेत माझी मुले महादेवराव व वैजनाथ यांचे आहेच. त्यावर मला काही लिहिता येत नाही.

२. राहते घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले. ते ओट्यासकट माझी मुलगी गीता हिला देतो. तिला तेथून कोणी उठवू नये. भावांनी पाहुण्यासारखे यावे, जेवावे आणि आपापल्या घरी जावे.

३. ओसरीच्या फळीवर पंचरसी धातूच्या एकवीस छोट्या तोफा आहेत. शिवाय पितळी हत्ती आणि शिशाचे शिपाई. चाळीस वर्षांत देऊळगावराजाच्या जत्रेतून, जालन्याच्या बाजारातून, कासारांकडे मोडीत आलेल्या भांड्यांतून हे सारे गोळा केले. वितळायला निघालेली तोफ हाती लागली की दोन दिवस जेवण सुचत नसे. आता तसे होत नाही. लहान तोफ सोडून बाकीचे मुलांनी वाटून घ्यावे, मात्र कलम पाचची अट पाळून. बिनमुंडक्याचा घोडेस्वार माझे मेहुणे इंद्रभान यांना द्यावा. त्यांनी तो खेळायला नेला तेव्हा मुंडके होते.

४. लहान तोफ वीतभर आहे. चोवीस वर्षांपूर्वी दसऱ्याची शस्त्रपूजा झाल्यावर, तहसीलदार ओट्यावर बसले असताना, तोफेच्या कानातून, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकातून, उलटा जाळ आला आणि गीतेचा उजवा डोळा गेला. ती सात वर्षांची होती. पोरीने माझी नजर चुकवून बत्ती दिली, असे मी आजवर सांगत आलो. ते खोटे आहे. दारू आमचा सालदार कडूबा याने ठासली आणि पेटती वात मी तिच्या हातात दिली. साहेबांना गंमत दाखवायची होती. पुढे पोरगी अवखळ, आगीशी खेळणारी, असे म्हणून जमलेली सोयरीक मोडली. नंतर कोणी विचारायला आले नाही. तिची आई मरेपर्यंत तिलाच बोल लावत राहिली, आणि मी शेजारी बसून ऐकले.

मी त्या तोफेच्या कानात खिळा ठोकला आणि ती फळीवर परत ठेवली. दर दसऱ्याला गीता चिंच लावून सगळ्या तोफा घासते, तीही घासते. यंदा ती तिच्या हातात असताना मी खरे काय ते बोललो.

ती म्हणाली, "माहीत आहे मले. आईले म्याच सांगतलं होतं, वात म्या उचलली म्हणून."

"काऊन?"

"तुमचं तोंड पाह्यलं होतं म्या, बाबा."

मग तिने तोफ धुऊन जागेवर ठेवली आणि पुढची घेतली. मला रडू येईल असे वाटले होते, ते आले नाही. लहान तोफेचे काय करायचे ते गीता ठरवील.

५. माझ्या तेरवीला गाव पंगतीला बसले की, पाने वाढण्यापूर्वी, कलम चार नीळकंठ मास्तरांनी मोठ्याने वाचावे. महादेवराव म्हणाला, "मेल्यावर नाव काऊन खराब करता?" नाव माझे आहे. मुलांनी वाचू दिले नाही तर उरलेल्या वीस तोफाही गीतेच्या. तिने त्या कासाराच्या भट्टीत घातल्या तरी माझी हरकत नाही.

मौजे धाड, ता. ९ डिसेंबर सन १९३४.

सही: शेषराव वल्द उकंडराव देशमुख

लिहिणार व साक्षीदार: नीळकंठ मास्तर, सही.

साक्षीदार दुसरा: कडूबा सालदार, डाव्या हाताचा अंगठा. वाचून दाखवल्यावर याने सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहिले: "वात मालकानंच देल्ली. म्या पाह्यलं होतं, पन कोनाले बोललो नाही."