हॉलंडला गेलेली तृप्ती

३१ ऑक्टोबर १९९८, शनिवार

खोली मिळाली! नाशिकच्या सिडकोत, सावित्रीबाईंच्या घरावरची. छोटीशीच, पण कोपऱ्यात मोरी आहे, वारा छान येतो आणि खिडकीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो. सावित्रीबाई खाली ब्लाउज शिवतात. बोलायला मोकळ्या. नाव पूजा, एमपीएससीच्या अभ्यासाला आले म्हणून सांगितलं, तर लगेच दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वर आणून दिली. परवापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

ही डायरी कॉलेजची भेट. परदेशी इंटर्नशिपसाठी माझी निवड झाली तेव्हा वाल्मीक सरांनी दिली आणि समोर बसवून सगळं समजावलं. रोज लिही. पासपोर्टच्या झेरॉक्स वेगळ्या ठेव. अनोळखी ठिकाणी एकटी जाऊ नकोस. समजलं नाही तर विचारायला लाजू नकोस. घरी नेमाने फोन कर. हे सगळं हॉलंडसाठी होतं. तिथल्या एका कांदा बियाण्याच्या कंपनीत तीन महिने. नामपूरची पोर विमानात बसणार म्हणून गावाने नारळ दिला, शाल दिली. मुंबईच्या विमानतळावर आई, माझा दादा धनराज, शेजारचे झुंबरतात्या, अख्खी जीप भरून माणसं आली होती.

आणि मी विमानात बसलेच नाही.

आतपर्यंत सगळं नीट झालं. बॅग गेली, शिक्का बसला. मग विमान लागल्याचं सांगितलं आणि माझे पाय उचलेनात. बायकांच्या संडासात जाऊन कडी लावून बसले. बाहेर माझ्या नावाचा पुकारा चालला होता. मग तोही थांबला. बाहेर येऊन काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, विमान चुकलं, माझी बॅग परत मिळेल का? त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. म्हणाला, कोणीच राहिलेलं नाही, या नावाची मुलगी केव्हाच बसली. त्याचीच घाईत काहीतरी चूक झाली असणार. मी वाद घातला नाही. वाद घालायला तोंड कुठे होतं? तब्येत बिघडली म्हटल्यावर एका पोलीसबाईने बाहेर सोडलं. आमची जीप तोवर निघून गेली होती. मिळेल त्या एसटीने नाशिकला आले.

घरी कुठल्या तोंडाने जाऊ? तीन महिने इथेच काढीन. मग आले म्हणून सांगेन. तोवर काहीतरी सुचेल.

१ नोव्हेंबर, रविवार

चौकातल्या एसटीडी बूथवरून फोन केला. रिक्षांचा आवाज जाऊ नये म्हणून काचेचं दार घट्ट ओढून घेतलं. आमच्याकडे फोन नाही, झुंबरतात्यांकडे करावा लागतो. ते आईला बोलावून आणेपर्यंत मीटरचे आकडे बघत राहिले.

मी म्हणाले, आई, पोचले गं. आई हसली. म्हणाली, "कालदिन तं बोलनी ना माय, पोचनी म्हनीसन! आज परत फोन?"

कंपनीतून कोणीतरी फोन केला असेल आणि आईला मीच वाटले असेन. तिने विचारलं, तठे थंडी शे का? मी म्हटलं, खूप आहे. बूथमध्ये घामाने अंग चिंब झालं होतं.

१५ नोव्हेंबर, रविवार

गंगापूर रोडच्या एका नर्सरीत काम धरलंय. रोपांना पाणी, गिऱ्हाइकांना कलमं दाखवणं. मालक गोरक्षभाऊ भला माणूस आहे. आमच्या बागलाणकडचं कोणी आलं की ओढणी तोंडावर घेऊन मी कुंड्यांच्या मागे जाते.

मागच्या रविवारी हिंमत झाली नाही, म्हणून आज फोन केला. आई म्हणाली, तू बुधवारी बोललीस तेच परत काय विचारतेस? मी म्हटलं, बुधवारी काय काय बोलले गं मी? आईला गंमत वाटली. मग सांगत सुटली. तू म्हणालीस, खोलीत केरळची एक मुलगी सोबत आहे, दोघी मिळूनच बाहेर जाता. पासपोर्टची झेरॉक्स बॅगेच्या अस्तरात ठेवली आहेस. साहेबाची भाषा समजेना, तेव्हा धीर करून त्याला परत विचारलंस, तर उलट खूष झाला. सांगताना आईचा आवाज भरून आला.

वाल्मीक सरांनी सांगितलेली एकही गोष्ट तिने चुकवलेली नाही.

ती म्हणजे कोण?

६ डिसेंबर, रविवार

आज सरांना फोन केला. तृप्तीची मावसबहीण पूजा बोलते म्हणाले. मी गेलेच नाही, तर कंपनीने कॉलेजला कळवलं कसं नाही, हे एकदा कळायलाच हवं होतं.

सर फार आनंदात होते. म्हणाले, कंपनीचं पत्र आलंय, अशी मुलगी आजवर पाठवली नव्हती म्हणतात. चाळीत साठवलेल्या कांद्याला कोंब लवकर का फुटतात, यावर तिने तिथे काही नवीन करून दाखवलंय. कांद्याच्या माना वाळण्याआधीच कापतात, म्हणून.

ते माझं आहे. उन्हाळ्यात आमच्या कांदाचाळीत बसून मी ते ताडलं होतं. हसतील म्हणून कोणालाच सांगितलं नव्हतं. धनराजलाही नाही.

बूथमधून बाहेर आले तेव्हा भीती वाटायला हवी होती. वाटली लाज. ज्या गोष्टीसाठी माझं तोंड उघडलं नाही, ती तिने परक्या मुलखात, परक्या भाषेत उभं राहून सांगितली.

१० जानेवारी १९९९

सकाळी सावित्रीबाई पेपर घेऊन वर आल्या. आतल्या पानावर फोटो. बागलाणची कन्या हॉलंडमध्ये चमकली. माझ्या बॅगेतला, मामीने विणलेला लाल स्वेटर, मागे बर्फ. माझा चेहरा. पण मी कधी अशी हसले नाही. मान वर करून.

सावित्रीबाई म्हणाल्या, अगदी तुझ्यासारखी दिसते गं. मग फोटो माझ्या तोंडाशेजारी धरून म्हणाल्या, पण हिच्या हनुवटीवर बघ कशी खूण आहे, तुला नाही.

लहानपणी विळ्यावर पडले होते. सटाण्याच्या दवाखान्यात टाके घातले होते. हनुवटीवर हात फिरवला.

गुळगुळीत आहे.

त्या गेल्यावर आरशात पाहिलं. परत पाहिलं. खूण नाहीच.

२४ जानेवारी

गोरक्षभाऊंनी आज विचारलं, बाई, काय हवंय, कुठलं रोप दाखवू? मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती. मी म्हटलं, भाऊ, मी इथे कामाला आहे. ते ओशाळून म्हणाले, हां हां.

आवाज बसलाय. सर्दी नाही, ताप नाही. बोलते ते समोरच्याला दोनदा सांगावं लागतं.

सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे. आई मारेल. मारू दे. गाव हसेल. हसू दे.

३१ जानेवारी, रविवार

सांगितलं. आई, मी गेलेच नाही. मला भीती वाटली. मी पहिल्यापासून नाशिकला आहे, तुझ्याशी दुसरंच कोणीतरी बोलतंय. रडत होते, सगळं एका दमात सांगून टाकलं.

 आई अगदी हळू, जसं दारात आलेल्या नको त्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "तृप्तीनी सांगेल शे माले. नाशिकथून कोनीतरी रडी-रडी फोन करी, तिना आवाजमा. ऐकानं नई."

मी म्हटलं, आई, मीच तृप्ती.

"मनी पोर तठे शे. तू कोन शेस? तुले काय जोयजे ते सांग, पन मनी पोरना नाद सोड."

मग झुंबरतात्यांनी फोन घेतला. त्यांनी मला खांद्यावर बसवून बोहाड्याच्या जत्रेतली सोंगं दाखवली आहेत. कडक आवाजात म्हणाले, पुन्हा इथे फोन करायचा नाही. तृप्ती येत्या आठवड्यात येते आहे. आधी नाशिकला उतरणार आहे, तिचं तिथे थोडं काही राहिलंय म्हणाली, ते घेऊनच घरी येईल. तुला काय बोलायचं ते तिच्याशीच बोल.

माझं — तिचं — इथे काय राहिलंय?

४ फेब्रुवारी

थांबायचं नाही. आधी घरी पोचायचं. सकाळीच सीबीएस स्टँडवर गेले, सटाण्याची गाडी पकडायला.

फलाटावर धनराज उभा होता. नवा शर्ट, हातात हार. तिला घ्यायला आलेला. मी धावत गेले, त्याचा हात धरला. दादा, मी आहे रे.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. हात सोडवून घेतला, हार बगलेत धरला आणि माझ्यापुढे हात जोडले. चौफुलीवरच्या उताऱ्यापुढे जोडतात तसे.

"जाय वं माय. आमले सोड."

लोक बघत होते. मी ओढणी तोंडावर घेतली आणि निघाले. माझ्याच भावाला भीती वाटावी असं मी — आणि तरीही मनात आलं, शर्ट त्याला शोभतोय, तिनेच सांगितलं असेल घ्यायला.

५ फेब्रुवारी

नर्सरीत गेले नाही. सावित्रीबाई दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेल्या. वर कोणी राहतं का, असं स्वतःशीच म्हणाल्यासारखं ऐकू आलं —

पासपोर्ट काढून पाहिला. पहिल्या पानावर फोटोच्या जागी नुसता डिंक.

पळून जायचं तर कुठे? आणि कोण म्हणून?

६ फेब्रुवारी, दुपार

रिक्षा थांबली. खाली माझा आवाज.

बसलेला नाही, मोकळा. सावित्रीबाईंशी बोलते आहे. दोन दिवस नाशिकभर शोधलं, बहिणीला न्यायला आले म्हणते. सावित्रीबाई तिला पाणी देतात, बस म्हणतात. हसतात दोघी. बाहेर धनराजचा आवाज — तृप्ती, लवकर ये वं —

ऊन खिडकीतून आत आलंय. पलंगाची सावली पडली आहे. खुर्चीची पडली आहे. माझी —

जिना चढते आहे. चप्पल बाहेर काढली.

दार वाजवत नाही. नुसती बोलते. रागाने नाही. म्हणते, उघड गं. संडासातसुद्धा तुला किती हाका मारल्या. तू आली नाहीस, म्हणून मला जावं लागलं. आता तुझी ती लाज तेवढी मला दे, बाकी सगळं मी —

देऊ नये. तेवढीच माझी आहे. ती गेली तर मग मी काहीच —

कडी माझ्याच हाताने —

किती छान हसते ही. आईला अशीच हवी हो