कमानीतला पिंपळ

आई, आज तुझ्या चर्चमध्ये गेले होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मधोमध ते अजून तसंच पडकं उभं आहे. आमच्या ऑफिसकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं येतात, म्हणून गेटवर पास मिळाला. तू गेल्यानंतर पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं.

पोर्तुगीजांनी बांधलेलं हे चर्च. पुढे साथ आली, माणसं मेली, उरलेलं गाव मूर्ती उचलून मरोळला गेलं आणि छप्पर पावसाने खाल्लं. राहिली ती काळ्या दगडाची दर्शनी भिंत, तिच्या कमानी आणि बाजूचा मनोरा. तू समोरच्या कारखान्यात दिवसभर रेडिओच्या तारांना कथिलाचा डाग देऊन जोडायचीस आणि जेवणाच्या सुट्टीत मरोळच्या मैत्रिणीबरोबर कमानीच्या सावलीत डबा उघडायचीस. दगडांच्या फटीत पिंपळाचं रोप आलं होतं. बाटलीत उरलेलं पाणी तू रोज त्याला घालायचीस. मैत्रीण म्हणायची, "उपट ना गं ते, आमची भिंत फोडेल." त्यावर तुझं ठरलेलं, "पिंपळ कोण उपटता गो? एवढ्याशा रोपट्यान काय होतला?" वर्षातून एकदा मिस्सेच्या प्रार्थनेसाठी गेट सगळ्यांना उघडायचं, तेव्हा तू मला न्यायचीस. लोक डोळे मिटून प्रार्थनेत आहेत आणि तू माझा हात धरून कमानीपाशी नेतेस, हळूच म्हणतेस, "बघ, ह्यां माझां झाड."

त्या झाडाचं मूळ आता माझ्या मांडीएवढं जाड आहे. कमानीचा मधला दगड त्याने पार बाहेर ढकललाय. आमचे ऑफिसचे सर ते बघून म्हणाले, "काढलं तर भिंत बसणार, ठेवलं तर फाटणार. दोन्हीकडून वाट लागलीय." शेवटी ठरलं की पुढच्या आठवड्यात बुंध्यात औषध सोडून झाड मारायचं, आणि मुळं कुजत जातील तसा फटींत चुना भरत जायचा. एवढ्याने भिंत टिकेल असं सरांनाही वाटत नाही.

खरं तर मला तुझा राग यायला हवा होता. तो येत नाही, नुसतं रडू येतं. आपली खोली गेली, तुझा कारखाना बंद पडला, तुझी मैत्रीणही राहिली नाही. तुझ्या हातचं जिवंत असं हे एवढंच आहे. सरांसमोर मी मान डोलावली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून तुला सांगते, इतकी वर्षं जुन्या भिंती वाचवण्यात घालवली, पण ही भिंत पडली तरी चालेल, झाड जगावं असं मला वाटतंय.