वाळवी सापडलीच पाहिजे

८ सप्टेंबर, सोमवार

बाबांनी घर विकायचं ठरवलं. मला न विचारता. चहा पिता पिता म्हणाले, लतीफशेठशी बोलणं झालंय, दसऱ्यानंतर आपण अकलोलीला जायचं, आईच्या माहेराजवळ. तिथे गरम पाण्याच्या कुंडावर येणाऱ्यांसाठी हॉटेल टाकणार म्हणे. मी कपाटावर बुक्की मारली. कपाट लोखंडी आहे. हात सुजलाय, म्हणून अक्षर असं.

माझ्या खिडकीसमोर गल्लीपलीकडे सुकन्याची खिडकी आहे. पापड फेकला तर तिच्या ताटात पडेल, एवढं अंतर. अकलोलीहून काय फेकू? आजवर आम्ही बोललेलो नाही, पण बोलायची गरज पडली नाही. मी खिडकीत आलो की ती पडदा ओढते. लाजते.

ठरलं. घर विकू द्यायचं नाही. आणि राग आवरायचा.

९ सप्टेंबर, मंगळवार

आयडिया सापडली. मोबाईलवर एक जण सांगत होता, घरात वाळवी निघाली की गिऱ्हाईक पळतं. बाबांना म्हटलं, हल्ली तपासणीच्या रिपोर्टशिवाय कोणी घर घेत नाही, बदनामी होईल. बाबांना बदनामीची फार भीती. म्हणाले, बरं, आण कोणीतरी. वर म्हणाले, कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा काहीतरी शहाण्यासारखं बोललास. कॉलेजचा विषय काढायची गरज नव्हती. बादलीला लाथ मारली. भरलेली होती.

१० सप्टेंबर, बुधवार

ओसामाला आणलं. दोस्त आहे, पाठीवर पंप घेऊन झुरळांची फवारणी करत फिरतो. त्याला सगळं समजावलं होतं. तो दारातूनच ओरडला की पूर्ण घरात वाळवी आहे, छत कधीही खाली येईल. बाबांनी विचारलं, लायसन आहे का? ओसामाने दाखवलं. मोटारसायकलचं.

बाबा म्हणाले, "ज्याच्या पाठीवर औषध, त्याला वाळवी दिसणारच. मला औषध न विकणारा माणूस आण."

तोवर ओसामा परसात पोचला होता. तिथे वारूळ आहे, आई नागपंचमीला पूजा करते. त्याने नळी आत घातली आणि आईने खराटा काढला. नाक्यावरच्या मारामाऱ्या पाहिल्यात मी, पण असा एकतर्फी मार कधी पाहिला नाही. ओसामा रिक्षास्टँडपर्यंत पळाला. मी मागून जाऊन त्याची कॉलर धरली की साध्या कामाची वाट लावलीस. त्याने माझी धरली. त्याची दोन बटणं तुटली, माझा एक दात हलतोय. दोस्ती कायमची खलास. नंतर चहा त्यानेच पाजला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

खरा तज्ज्ञ शोधणं सोपं नाही. दिवसभर फोन. पहिला म्हणाला, यायची गरज नाही, पत्ता पाठवा, रिपोर्ट पाठवतो. मी म्हणालो, पत्ता तू पाठव, तो फोन तुझ्या घशात घालायला येतो. ठेवला त्याने. दुसरा म्हणाला, दहा मिनिटांत बघून टाकू, कपाटं हलवायची नाहीत, माळ्यावर चढायचं नाही. मग काय दाराला नमस्कार करून जाणार? त्यालाही चार शिव्या दिल्या.

तिसऱ्या आबिदा मॅडम. कीटकशास्त्रात एमएस्सी, सरकारी परवाना, औषध विकत नाहीत, फक्त तपासतात आणि सहीशिक्क्याचा रिपोर्ट देतात. मॅडमनीच मला उलटं विचारलं: घर किती जुनं, चौकटी कसल्या, ओल कुठे येते, आधी फवारणी झालीय का. आणि सगळं सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवायला सांगितलं. बाबा फोनला कान लावूनच बसले होते. म्हणाले, हीच बाई. २४ तारीख ठरली.

आता प्रॉब्लेम असा की बाई खरं बोलणार. म्हणजे वाळवी खरी पाहिजे.

सुकन्याने आज खिडकी एवढ्या जोरात लावली की काच हलली. प्रेमात राग असतोच.

२१ सप्टेंबर, रविवार

आईच्या माहेरी गणेशपुरीला जाऊन आलो. राघोमामाच्या भाताच्या बांधावर पुरुषभर उंच वारूळ आहे. मामा म्हणाला, "सागऱ्या, त्याला हात लावू नको, आत जनावर हाय." मी जनावराला घाबरत नाही. आधी लांबून दगड मारले, मग मामाची कुदळ घेतली आणि पाच घावांत शेंडा उडवला. जनावर निघालं नाही. लाल मुंग्या निघाल्या. पँटमध्ये. बांधावर जे झालं ते लिहीत नाही. शेतातली सगळी बाया-माणसं कामं टाकून बघत होती.

पण डबा भरला. चार कप्प्यांचा, गच्च. पांढरी वाळवी वळवळते आहे.

एसटीत एकाने डब्यावर पिशवी ठेवली. मी त्याला सांगितलं, उचल, नाहीतर तुला उचलतो. त्याने मला उचललं. अंबाडी नाक्यावर उतरवलं. पुढच्या गाडीने आलो. डबा शाबूत.

मधल्या खोलीत चौकटीजवळ, खाटेखाली डबा उघडून ठेवलाय. रात्रीतून पसरतील. खा, पोरांनो.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी उठलो तर डबा घासून पालथा घातलेला.

आज घट बसले. घटाला वारुळाची माती लागते, आणि दरवर्षी आई ती कोणाकोणाकडे मागत फिरते. खाटेखाली झाडताना तिला चार कप्पे सापडले. तिने परडीत माती पसरली, सात धान्यं पेरली, हळदीकुंकू वाहिलं, वर पाणी शिंपडलं, दिवा लावला. मला जवळ घेऊन रडली. "माझा पोर सुधरला गं बाय. एवढ्या लांबून देवीची माती आनली, न्हाय सांगितलं कोनाला." सगळ्या गल्लीला सांगून आली. सुकन्याची आई बघायला आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. सुकन्या आली नाही.

देवीसमोर दात-ओठ खाता येत नाहीत. परसात जाऊन पपईच्या झाडाला दोन कानाखाली दिल्या.

पण होपलेस नाही. माती घरातच आहे. वाळवी हुशार असते.

२४ सप्टेंबर, बुधवार

मॅडम आल्या. बूट, टॉर्च, पेचकस, ओल मोजायचं यंत्र. कसाई बकऱ्याला बघतो तसं त्यांनी घर बघितलं. प्रत्येक चौकट खालपासून वरपर्यंत ठोकली, कान लावला, टोचलं. माळ्यावर सरपटल्या. मोरीमागची फरशी उचलायला लावली, ती मीच उचलली. परसातलं वारूळ पाहिलं, घराकडे येणारी मातीची एकही नळी नाही म्हणाल्या.

मी हळूच घटाकडे बोट दाखवलं. म्हटलं, मॅडम, या मातीत बघा ना, शंका आहे. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे गेलो. मॅडमनी बूट बाहेर काढले, वाकल्या, पाहिलं. म्हणाल्या, यात होती तेवढी मेली. राणीपासून तोडून आणली की ती जगत नाही. धान्याला मात्र सुंदर कोंब फुटलेत.

मग बाबांकडे वळून, "काका, लाकूड सागाचं आहे. निर्धास्त राहा, हे घर तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

बाबा खूश. मॅडमला चहा. मलाही. माझ्या हातात ग्लास होता, तो आवळला गेला. फुटला. मॅडमनीच पट्टी बांधली आणि विचारलं, याला काही त्रास आहे का? आई म्हणाली, उपास हाय त्याला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मॅडम वरवरच्या निघाल्या. वाळवी आत असते, खोल. एवढी शिकून हे कळू नये?

आई-बाबा बाजारात गेल्यावर मामाची कुदळ काढली. (परत केली नव्हती.) आधी मधल्या खोलीची चौकट. पहिल्या घावाला माझे खांदे निखळले, दुसऱ्याला चौकट. आत कोरडं, पिवळं, धडधाकट लाकूड. मग मागची भिंत. विटेवर वीट पाडत गेलो. प्रत्येक घावाला एकेकाचं नाव घेतलं: लतीफशेठ, ओसामा, एसटीतला तो माणूस, कॉलेजचे सर. शेवटी नावं संपली, भिंत उरली. मग परत पहिल्यापासून. एक वाळवी नाही. एक सुद्धा नाही. हरामखोर घर.

मान वर केली तर भोकातून बाबा दिसले. शेजारी लतीफशेठ, हातात मोजायची टेप.

बाबांनी दोन थोबाडीत दिल्या. मी काहीच केलं नाही. राग आवरला, हे इथे नोंदवून ठेवतो. मग बाबा शेठच्या पाया पडायला लागले की पोरगा बिघडलाय, भिंत बांधून देतो, सौदा मोडू नका, हा बघा रिपोर्ट. माझा ऊर भरून आला. गिऱ्हाईक पळणार.

लतीफशेठने रिपोर्ट हातातही घेतला नाही. म्हणाला, "अरे सावळाराम, घर कोन मांगतंय? आपल्याला जागा पायजे. शेड टाकायची, कापडाचे लूम बसवायचे. ये सब तो तोडनाच है."

मग भिंतीला हात लावला, माझे दंड पाहिले आणि म्हणाला, "हात चांगला चालतो पोराचा. दसऱ्यानंतर कामावर पाठव त्याला."

१३ ऑक्टोबर, सोमवार

आई-बाबा अकलोलीला. मी ओसामाकडे राहतो. आज तोडकामाचा पहिला दिवस.

मी मुद्दाम गल्लीकडची भिंत मागून घेतली. तोंडाला गमछा, अंगभर सिमेंट. म्हटलं, तिला कळू दे एका माणसाच्या छातीत काय जळतंय. असे घाव घातले की मुकादम म्हणाला, जरा दमाने. नवव्या-दहाव्या घावाला समोरची खिडकी उघडली. सुकन्या. पडदा ओढला नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं आणि बोलली. आयुष्यात पहिल्यांदा.

"ओ मामा, जरा पाणी मारून तोडा ना. सगळी धूळ घरात येते."

आवाज खूप गोड आहे.

मी पाइप आणला. भिंत नीट भिजवली. संध्याकाळपर्यंत खिडकीसकट उतरवली, तिच्याकडे चिमूटभर धूळ जाऊ दिली नाही.