कोकिळाबाईंच्या अकरा ओळी

सोमवार, १४ नोव्हेंबर १९८८

अकरा ओळी! ज्या कामाला मी वहीची दोन पानं आणि त्रेचाळीस ओळी खर्च केल्या, ते या बाईनं अकरा ओळींत उरकलं. वर सायकलला कुलूप लावता लावता मला म्हणते, जरा घाईतच झालं भैयाजी. घाईत! मी चार दिवस घासत होतो.

कॉम्प्युटरच्या क्लासात मशीन एक, शिकणारे सात. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. बाकी सगळं कागदावर. भाषेचं नाव सी — एका अक्षराचं नाव, पण थेट मशीनच्या पोटात हात घालते. प्रभाकरराव सर मुंबईहून निवृत्त होऊन इथे आले, आणि त्यांची रीत जगावेगळी. आपला प्रोग्रॅम आपण वाचायचा नाही. दुसऱ्यानं उभं राहून मोठ्यानं वाचायचा, घरी आलेलं पत्र वाचल्यासारखा. वाचणारा अडखळला की सर तिथे तांबड्या पेन्सिलीची रेघ मारतात आणि कागद परत. न अडखळता पार पडला तर खाली लिहितात — 'स्वच्छ'.

माझ्या वहीत रेघाच रेघा. तिच्या वहीत 'स्वच्छ' पाच वेळा. वही बाकावर उघडी होती, म्हणून मोजले.

बुधवार, १६ नोव्हेंबर

आज कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर रूपराव क्लासात आले. सेलू रोडच्या जिनात नवा इलेक्ट्रॉनिक काटा बसलाय. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन वायरीतून मशीनकडे येणार, आणि मशीननं वजनाची चिठ्ठी छापायची. त्याला प्रोग्रॅम पाहिजे — सरांनी गेल्या आठवड्यात आम्हाला घातलेलं काम हेच, हे आज कळलं. आणि तो सांभाळायला एक माणूस, कायमचा.

सरांनी दोघांची नावं घेतली — कोकिळाबाई आणि मी. मंगळवारी दोघांचं वाचन. जो पास, त्याचा प्रोग्रॅम काट्यावर आणि तोच माणूस नोकरीवर.

मला ही नोकरी पाहिजे. सातवी नापास माणूस मी. कानानं रेडिओ शिकलो — खरखर ऐकून सांगायचो कुठला भाग गेला ते. नालवाडीतलं दुकान त्याच कानावर उभं केलं. आता रेडिओ कोण आणतो? कलर टीव्हीला कंपनीचा माणूस येतो, सर्किटची अख्खी पाटी काढतो, अख्खी नवी बसवतो, ऐकायचं काही उरलंच नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा काही शिकायला बसलो ते उगाच नाही.

ती पिपरीची, बी. एस्सी., शाळेत गणित शिकवते. तिला काय कमी आहे? असं मी मनात म्हणालो. मग आठवलं — तिची जागा रजेवरच्या बाईंची आहे, मार्चमध्ये संपते. आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

आज तिचा एक जुना प्रोग्रॅम मी वाचला. वाईट हे, की मजा आली. जीभ आपोआप पुढे सरकते. प्रत्येक नावावरून कळतं आत काय ठेवलंय. एक तुकडा एकच काम करतो, संपतो, दुसऱ्याच्या हातात देतो. कुठे धक्काबुक्की नाही.

माझं लिहिलेलं म्हणजे बसस्टँड.

याचाच राग येतो. माझं सोल्डरिंग बघून नागपूरचे मेकॅनिक तोंडात बोट घालायचे, एक थेंब इकडे तिकडे नाही. तो हात कागदावर का येत नाही? सर म्हणाले, भैयाजी, तुम्ही मशीनवर विश्वास ठेवत नाही, तीच गोष्ट तीनदा सांगता. खरं आहे. गिऱ्हाइकालाही तीनदाच सांगतो.

घरी येऊन तीनदा सांगितलेलं सगळं खोडलं. त्रेचाळिसाच्या एकतीस झाल्या. तिच्या अजून अकराच.

रविवार, २० नोव्हेंबर

जेवताना बायको भागीरथा म्हणाली, "सकाळपासून त्या पोरीचं नाव सातदा घेतलं तुमी. मी तं घरात हावो ना?" हसत म्हणाली, पण मोजलं होतं हे नक्की. आमच्या घरात मोजायची सवय वाढत चालली.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

वाचन झालं. जे झालं ते लिहितो, इथे कोण बघतं.

माझा प्रोग्रॅम कोकिळाबाईंनी वाचला. नीट वाचला, मुद्दाम काही केलं नाही. दोन ठिकाणी अडखळल्या. दोन्ही ठिकाणी मीही अडखळलो असतो. दोन रेघा.

मग मी त्यांचा घेतला. भराभर चाललो होतो. मध्ये ती ओळ आली — वायरीतून एकेक अक्षर घ्यायचं, डब्यात, म्हणजे मशीनच्या आठवणीत राखलेल्या जागेत, टाकायचं, ओळ संपल्याची खूण येईपर्यंत. सगळं एका ओळीत! मला त्यालाच नऊ लागल्या होत्या. इतकी सरळ, इतकी नेटकी, की माझ्याकडून ती उभ्या जन्मात झाली नसती. समोर सरांची पेन्सिल टेबलावर आडवी, उचलायचं काम नव्हतं.

मी थांबलो. सुरुवातीचा शब्द दोनदा म्हटला. पुन्हा मागे गेलो. अडखळलो.

ओळीत काही अवघड नव्हतं.

सरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, रेघ मारली. दोघांचेही कागद परत, शुक्रवारी पुन्हा. कोकिळाबाईंनी कागद घेतला, त्या ओळीकडे बघत बसल्या.

बुधवार, २३ नोव्हेंबर

मशीनवर माझा अर्धा तास होता. पंचवीस मिनिटं पडद्याकडे बघितलं. सर म्हणाले, तब्येत बरी आहे ना?

गुरुवार, २४ नोव्हेंबर

रूपराव दुकानात ट्रान्झिस्टर द्यायला आले होते. म्हणाले, तुमच्या क्लासच्या बाई शाळेतून रजा टाकून दिवसभर काट्याजवळ बसल्या होत्या. मी विचारलं, काय करत होत्या? म्हणे, काट्यावर बैलबंड्या चढवत होत्या.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

सरांनी तिला उभं केलं. मी बाकाची कड धरून बसलो. वाटलं, आता म्हणेल, माझ्या ओळीत काही नाही, वाचणाऱ्यात आहे.

ती म्हणाली, "सर, भैयाजी अडखळले त्या ओळीत चूक होती."

मग समजावून सांगितलं. आम्ही दोघांनीही सगळी तपासणी ट्रकवर केली होती. ट्रक काट्यावर मुकाट उभा राहतो, वजन ठरतं, काटा आठ अक्षरं पाठवतो. तिनं डबा नेमका आठांचा घेतला होता. पण इथे कापूस अर्ध्याहून जास्त येतो बैलबंडीनं. आणि बैल काट्यावर उभा राहिला तरी मान हलवतो, पाय बदलतो, शेपटी मारतो. वजन हलतं असलं की काटा लांब ओळ पाठवतो, मागे हलत असल्याची खूण जोडून. आठांच्या डब्यात ती मावत नाही. उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत सांडतात, आणि सी भाषा सांडताना टोकत नाही. काट्याजवळच्या मशीनवर तिनं बंड्या चढवून पाहिल्या, तेव्हा तीन निभावल्या. चौथीला मशीन ठप्प. बाहेर चाळीस बंड्यांची रांग असती तर?

तिनं डब्याला हद्द घातली, एक ओळ वाढली. बारा. दुसऱ्यानं वाचला, कुठे अडखळला नाही. स्वच्छ. माझ्या कागदावरच्या दोन रेघा तशाच होत्या; तिचाच प्रोग्रॅम काट्यावर जाणार.

माझ्या प्रोग्रॅमात डबा ऐंशीचा होता. शहाणपण नव्हे — किती लागेल ठाऊक नव्हतं म्हणून मोठा घेतला होता.

आणि मग सर माझ्याकडे वळले. म्हणाले, इतकी वर्षं हे काम केलं, पण ही चूक मला डोळ्यानं दिसली नाही, तुम्हाला कानानं सापडली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. रूपरावही होते. त्यांनी सांगितलं, काट्यावर आता दोघं घेतोय — बाई लिहितील, भैयाजी वाचून तपासतील. बाईंनीच तसं सुचवलं.

लोकांनी पाठ थोपटली. मी हसलो. हसलो!

घरी भागीरथेनं शिरा केला. मी वाटी तिच्याकडेच सरकवली.

शनिवार, २६ नोव्हेंबर

सकाळीच पिपरीला गेलो. कोकिळाबाई अंगणात पोरांच्या वह्या तपासत होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं — अडखळलो नव्हतो, अडखळल्याचं केलं होतं.

"माहीत होतं," म्हणाल्या. "थांबायच्या आधी तुमी श्वास घेतला. खरा अडखळणारा आधी श्वास घेत नाई."

मी म्हटलं, मग काट्यावर जाऊन बसल्या काऊन?

"राग आलता. चूक नाई हे तुमाले रूपरावासमोर दाखवून देणार होती. अन् चौथी बंडी चढली."

सरांना मी सोमवारी सांगणार आहे, तेही त्यांना सांगितलं. मग मी विचारलं, हे सगळं ठाऊक असून माझं नाव का सुचवलं?

त्यांनी हातातली वही मिटली.

"बाकीचे सगळे माझं लिहिलेलं चांगलंच असन म्हणून वाचतात, भैयाजी. त्याच्यात चूक निघावी असं वाटणारे तुमी एकटेच."