फुगवलेल्या बोगद्यातला मुलींचा हिस्सा

प्रति,
मा. शिक्षण अधीक्षक,
वॉल्डन फोर्क शालेय जिल्हा, कॅन्सस.

विषय : मुलींच्या क्रॉसकंट्री संघास राज्य स्पर्धेसाठी बस मिळणेबाबत.
संदर्भ : शाळेच्या खेळांसाठी पैसा उभा करणाऱ्या पालकांच्या बूस्टर क्लबचा बोगदा-खर्च वाटप ठराव.

महोदय,

१. मी फुटबॉल मैदानावरील खाऊच्या दुकानाची व्यवस्था पाहते. दर शुक्रवारी आम्ही आठ पालक तेथे हॉट डॉग व चीज ओतलेले नाचो विकतो आणि सगळा गल्ला निमूटपणे क्लबला देतो. आम्हा आठही जणांच्या मुली क्रॉसकंट्री, म्हणजे झाडीझुडपांतून काढलेली लांब शर्यत, धावतात. हा योगायोग समितीच्या नजरेस आला नसावा.

२. या पैशातून समितीने यंदा फुगवायचा बोगदा घेतला. त्याला शाळेचे चिन्ह असलेल्या गव्याचे तोंड असून नाकपुड्यांतून धूर निघतो. फुटबॉलचे खेळाडू त्यातून धावत मैदानात येतात आणि हरतात. त्याबद्दल तक्रार नाही. येतात मात्र रुबाबात.

३. आमच्या मुली प्रथमच राज्य स्पर्धेस पात्र ठरल्या. बसचे पैसे मागितले असता, बोगदा सर्व खेळांचा असल्याने मुलींचा हिस्सा त्यातच खर्ची पडल्याचे क्लबचे अध्यक्ष श्री. ड्वेन किट्रेल यांनी कळवले. वर म्हणाले, "अगं रोझॅन, पोरी झाडीत शिरतात नि तिकडून बाहेर येतात. बघायला कोण येतंय? बोगदा निदान दिसतो तरी!"

४. हिस्सा आहेच तर वापरावा, म्हणून आम्ही बोगदा जवळच्याच एका सराव शर्यतीला नेला. तेथे दीडशे मुली खांद्याला खांदा लावून एकदम सुटतात. बोगद्यात मावतात दोघी. पंचांनी तो हटवायला लावला आणि वाऱ्याने शेजारच्या सोयाबीनमध्ये नेऊन टाकला. शेतमालकाची भरपाईही मुलींच्याच खात्यावर पडली आहे.

५. माझी मुलगी ब्रिन काल म्हणाली, "राहू दे गं आई, नाही गेलो तरी चालेल." मला रडू आले. महोदय, चालणार नाही.

६. सबब, बस मंजूर व्हावी. न झाल्यास येत्या शुक्रवारी दुपारी आम्ही आठही पालक आपापल्या गाड्यांतून मुलींना घेऊन निघू. त्याच संध्याकाळी फुटबॉलचा घरच्या मैदानावरील शेवटचा सामना आहे व गर्दी नेहमीप्रमाणे भुकेली असेल, याची कृपया नोंद घ्यावी.

आपली, अजून तरी नम्र,
रोझॅन टिडवेल
दि. २८ ऑक्टोबर

सोबत :
१. ठरावाची प्रत
२. खाऊच्या दुकानाची किल्ली