पाण्याच्या पिंजऱ्यातल्या माश्या

२ मार्च, सोमवार
लागले एकदाचे आठ पिंजरे! चारांतल्या माश्यांवर बुरशीचं औषध फवारलं, चारांतल्यांवर नुसतं पाणी. औषध म्हणजे जिवंत बुरशीच; ती फक्त पिकावरची कीड मारते, मधमाशीला काही करत नाही — असं डबीवर छापलंय. खरं का खोटं, ते मी मोजायचं.
माश्या वहिनीच्या पेटीतल्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या ब्रशला टक्कल पडलंय, म्हणून माश्या झाडायचा स्वतःचा मऊ ब्रशही दिला तिने. "परत करा हं वन्सं, जीव आहे माझा त्यात!" एरवी अगं-तुगं. चिडवायचं असलं की मी वन्सं.

५ मार्च
औषधाकडे मेल्या तीन, पाण्याकडे दोन. डबीवाले जिंकणार बहुतेक.

८ मार्च, रविवार
वहिनीकडे जेवले. प्रयोगशाळेत नवा ब्रश आला, म्हणून तिचा तिला देऊन टाकला. बाईला कुठला धीर! जेवण तसंच टाकून पेट्या झाडायला गेली. दादा म्हणाला, "माझ्याकडे बघत नाही इतकी त्यांच्याकडे बघते."

१० मार्च
आज औषधाकडे एकोणीस मेल्या. आणि पाण्याकडे सतरा! नुसत्या पाण्याने कोण मरतं?
साहेबांना उत्तर लगेच सापडलं. "माश्याच रोगट. औषधाचा काय दोष? तुमच्या वहिनींच्या पेट्या जाळायला कळवू." जाळायला! अकरा वर्षं जपलेल्या पेट्या! अंगाचा नुसता तिळपापड झाला. कशीबशी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. मेलेल्या माश्या ओल्या कागदावर ठेवल्यात. औषधाने मेली असेल तर अंगावर पांढरी बुरशी उगवेल. रोगाने मेली असेल तर नाही.
वहिनीला काही बोलले नाही.

१२ मार्च
काही उगवलेलं नाही. जेवण जात नाही.

१३ मार्च, शुक्रवार
उगवली! पाण्याकडच्याही पांढऱ्याफटक! तीच बुरशी. म्हणजे रोग नाही — वहिनीच्या पेट्या सुटल्या! आनंदाने ओरडले की काय कोण जाणे, शिपाईमामा दारातून डोकावून गेले.
मग डोक्यात आलं, ही बुरशी पाण्याकडे गेली कशी? हातमोजे दर पिंजऱ्याला बदलले. चिमटा उकळला. पण मेलेल्या माश्या झाडल्या त्या सगळीकडच्या एकाच ब्रशने. रोज! एवढी शिकलेली मी, आणि अक्कल गहाण ठेवली होती का?
साहेबांना सरळ जाऊन सांगितलं. "प्रयोग बाद. यापुढे तुम्ही फक्त बाटल्या धुवायच्या." धुवीन. पेट्या जळणार नाहीत ना, बास. तीन दिवसांनी आज पोटभर जेवले.

१४ मार्च
सकाळी वहिनीचा फोन. वन्सं नाही, काही नाही.
"अगं, पेट्यांपुढे माश्यांचा सडा पडलाय. सगळ्या पेट्यांपुढे. तू ब्रश धुऊन दिला होतास ना?"